जुना जपानी अँप: वर्षभराचा वापर, आणि विकायच्या आधी फोनोची तपासणी

सेकंडहँड घेतला होता, वर्षभर रोज वाजवला, पण बहुतेक ऑक्सवरच, टीव्ही नाहीतर मोबाईलची गाणी. आवाज एकदम भरदार, कोथरूडच्या फ्लॅटमधे पाव व्हॉल्यूमच्या पुढे जायची सोयच नाही, खालचे काका लगेच वर येतात. गरम होतो पण हात ठेवता येतो. रिमोट नाही, उठावं लागतं. बास, तक्रार एवढीच.

आता जागा हवीये म्हणून काढतोय, आणि फोन करणारा जो तो आधी विचारतो, फोनो (म्हणजे टर्नटेबल, रेकॉर्ड प्लेअर लावायचं इनपुट) चालतो का? विकणारे बिनधास्त ‘सगळं वर्किंग’ टाकतात, फोनोला आयुष्यात काही लावलेलं नसतं. म्हटलं आपण नीट बघून सांगू.

मोबाईल थेट फोनोत घालू नका. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिज, म्हणजे टर्नटेबलची सुई बसवलेला भाग, देते 3 ते 5 मिलिव्होल्ट, मोबाईल त्याच्या शंभरपट सहज, मग आवाज फाटतो आणि लोक म्हणतात इनपुट गेलं. मी तापकीर गल्लीतून 100 किलोओहम आणि 220 ओहमचे रेझिस्टर आणले, चहाच्या पैशात काम. मोठा मोबाईलच्या सिग्नल वायरच्या मधे, छोटा आरसीएची (अँपमधे जाणाऱ्या गोल प्लगची) मधली पिन आणि ग्राउंडच्या मधे, की सिग्नल साडेचारशे पटीने खाली.

असं लावल्यावर गाणं घोगरं येतं, बेस नुसता धबाधबा, गायिका गोधडीत तोंड घालून गातीये असं वाटतं. ते तसंच यायला हवं! 1954 पासूनच्या आरआयएए पद्धतीत (रेकॉर्ड बनवायचं ठरलेलं प्रमाण) रेकॉर्ड कापताना बेस कमी आणि ट्रेबल जास्त ठेवतात, फोनो स्टेज ते उलटं करते, 1000 हर्ट्झच्या तुलनेत 50 हर्ट्झ सुमारे 17 डेसिबल वर, 10000 हर्ट्झ जवळपास 14 डेसिबल खाली. मोबाईल इथे छान वाजला असता तरच मी घाबरलो असतो.

डावा चॅनल मधेच जात होता. पॉवर बंद करून सिलेक्टरमधे काँटॅक्ट क्लीनर मारला, नॉब खूप वेळा फिरवला, गेला प्रॉब्लेम. मग मित्राचा टर्नटेबल आणला आणि डावी-उजवी वायर अदलाबदल करून बघितली, कारण दोष दुसऱ्या स्पीकरला गेला तर कार्ट्रिज किंवा वायर, जागेवर राहिला तर अँप. इथे दोन्हीकडे सारखं. ग्राउंडची वायर सुटली की 50 हर्ट्झचा घूं येतो, स्क्रू आवळला की बंद. आणि हो, काहीच न लावता फोनोवर व्हॉल्यूम चढवून ‘हम आहे हो’ म्हणू नका, उघडं इनपुट गुणगुणणारच.

एमसी (मूव्हिंग कॉइल, खूपच कमी सिग्नल देणारी) कार्ट्रिजवाल्यांनी मात्र हा घेऊ नये, पाव-अर्ध्या मिलिव्होल्टला एवढा गेन (सिग्नल वाढवायची ताकद) पुरत नाही, वेगळा प्रीअँप लागेल. एमएमवाल्यांनी यावं, येताना ओळखीची एखादी रेकॉर्ड आणावी, टर्नटेबल मी जोडून ठेवतो.