योम किप्पूर: सगळ्यांना सुट्टी की ज्याला हवी त्याला?

योम किप्पूर म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस. आदल्या संध्याकाळपासून सुमारे 25 तास निर्जळी उपास, काम पूर्ण बंद. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएली, तर या दिवशी दारं लावून घरातच बसत. असा दिवस कॅलेंडरवर कसा आणायचा, याची दोन उत्तरं एकट्या न्यूयॉर्कमध्येच सापडतात.

पहिलं सरकारी शाळांचं. तिथे योम किप्पूरला शाळाच बंद. शहरात ज्यू शिक्षक इतके, की ते नसताना वर्ग चालवायचा कोणी? म्हणजे औदार्य कमी, व्यवहार जास्त. फायदा असा की ज्यू मुलाला अर्ज करावा लागत नाही, परीक्षा बुडत नाही. पण एकाला दिली की दुसऱ्यानेही का मागू नये? 2015 मध्ये ईद आली, मग दिवाळी. नोकरदार आईबाप मात्र दर सुट्टीला ‘आता पोरांना ठेवायचं कुठे’ म्हणत बसतात.

दुसरं उत्तर संयुक्त राष्ट्रांचं. तिथे दोन्ही ईदना मुख्यालय बंद असतं. योम किप्पूर, दिवाळी वगैरे ऐच्छिक यादीत. कर्मचाऱ्याने आपला दिवस निवडायचा. कामकाज अडत नाही. पण त्याच दिवशी महत्त्वाची बैठक लागली तर? म्हणून योम किप्पूरला बैठका टाळा, असंही सांगावं लागलं.

माझं मत: शाळेला पहिला मार्ग, तोही संख्या असेल तिथेच. कचेरीला दुसरा पुरे, फक्त रजा साहेबाच्या मर्जीवर नको.