कानपूरचं .32 रिव्हॉल्वर, रोज कंबरेला लावणाऱ्याच्या नजरेतून

आमच्या धंद्यातली मंडळी आणि आता त्यांची पोरंसुद्धा सारखी विचारतात की परवाना झालाय, आता कुठलं घेऊ, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी सराफ, तालुक्याच्या गावात दुकान, रात्री शटर पाडून घरी जायचं आणि माल आणायला शहरात फेऱ्या, एवढ्यासाठी परवाना काढलेला. माझ्याकडे आहे ते कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .32, जुनं मॉडेल. हा कारखाना ज्या सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाखाली होता ते आता राहिलं नाही, 2021 च्या ऑक्टोबरपासून त्याच्या सात कंपन्या झाल्या आणि हे काम एडब्ल्यूईआयएल नावाच्या कंपनीकडे गेलं, पण आमच्याकडे अजून सगळे "कानपूरचं" एवढंच म्हणतात.

यूट्यूबवर रिव्ह्यू बघाल तर सगळे नेमबाजीचेच. किती मीटरवर बाटली फुटली, टरबूज कसं उडलं. अरे पण टरबूज तुमच्यावर चालून येणारे का? परवानावाला माणूस हे रिव्हॉल्वर रोज अंगावर वागवतो आणि गोळी झाडायची वेळ येऊ नये म्हणून देवाला हात जोडतो, त्यामुळे न झाडता ते कसं वागतं हेच मी बघणार. त्या हिशोबाने माझं मत चांगलं आहे, पण लोक ज्या कारणांसाठी घेतात त्यासाठी नाही.

आधी वस्तू. सहा गोळ्यांचं, नळी 3 इंचाची, एकूण लांबी साधारण 7 इंच, रिकामं वजन 700 ग्रॅम. मूळ डिझाइन इंग्रजांच्या काळातल्या वेब्लीचं, म्हणजे गोळ्या भरायचं सिलिंडर बाजूला बाहेर येत नाही, वरची कडी अंगठ्याने दाबली की अख्खी नळी पुढे वाकते आणि मधला चांदणीसारखा भाग वर उचलला जाऊन सहाही काडतुसं एकदम वर येतात. जुनाट आहे, मान्य. पण मला हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण रिव्हॉल्वर रिकामं आहे का भरलेलं हे एका नजरेत कळतं, सहा भोकांतून पलीकडचा उजेड दिसला की विषय संपला. पिस्तुलात मॅगझिन काढून टाकलं तरी चेंबरमध्ये एक राऊंड बसलेला असू शकतो आणि घरात होणारे बरेचसे अपघात तिथेच होतात.

अपघातावरून आठवलं, ऑक्टोबर 2024 मध्ये अभिनेता गोविंदाला त्याच्या स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी पायाला लागली होती, पहाटेच्या वेळी, मुंबईत घरातच. बातमी आली तेव्हा व्हॉट्सॲपवर जोक फिरले, मला काही हसू आलं नाही. आमच्याकडचे जुने लोक घोड्याखालचं (घोडा म्हणजे हॅमर, मागून काडतुसावर आपटतो तो) घर रिकामं ठेवतात, म्हणजे सहाचं रिव्हॉल्वर पाचच गोळ्यांवर वापरायचं. मीही तेच करतो. नवीन पोरांना वाटतं एक गोळी कमी झाली. अरे बाबा, पाच गोळ्यांत जे होणार नाही ते सहाव्यात होणार आहे का.

ट्रिगर. घोडा न चढवता सरळ ओढला तर कुठल्याही रिव्हॉल्वरचा ट्रिगर जडच असतो, हाही जड आहे, सगळा पंजा कामाला लागतो. लोकांना हा तोटा वाटतो, माझ्या लेखी पूर्ण मार्क्स इथे. धडधड वाढलेली, हात थरथरतायत, अशा वेळी बोट चुकून लागून बार उडाला असं याच्यात सहजी होणार नाही, ओढायचाच म्हणून ओढावा लागतो. घोडा मागे खेचून ठेवला की मात्र ट्रिगर एकदम हलका होतो आणि खरी भानगड तिथून पुढे, कारण समोरचा पळून गेला, गोळी झाडायची गरज उरली नाही, तर तो चढवलेला घोडा अंगठ्याने धरून हळूच खाली सोडायचा असतो, घामेजल्या अंगठ्याने. मला शिकवणाऱ्या निवृत्त हवालदार काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, घोडा चढवायचाच नाही, सिनेमावाल्यांना चढवू दे.

काडतूस .32 एस अँड डब्ल्यू लाँग, एकोणिसाव्या शतकातलं डिझाइन. गंमत म्हणजे रिव्हॉल्वर कानपूरचं आणि काडतुसाच्या बुडाला केएफचा शिक्का, तो केएफ म्हणजे आपलं खडकी. ताकदीच्या बाबतीत मवाळ आहे, 9 एमएमसमोर काहीच नाही, पण 9 एमएम सामान्य माणसाला मिळतच नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापात येतं, तेव्हा ती तुलना करून उपयोग नाही. मवाळ असल्यामुळे धक्का कमी बसतो आणि हाताला लवकर सवय होते.

आता अंगावर वागवण्याचं. इथे "असून अडचण, नसून खोळंबा" पूर्ण लागू. 700 ग्रॅम ऐकायला काही वाटत नाही, उन्हाळ्यात दिवसभर पट्ट्याला लावून बघा. साधा पट्टा संध्याकाळपर्यंत एका बाजूला ओघळतो, जाड दोन पदरी चामड्याचाच लागतो. शर्ट इन करायचं विसरा. गाडीत बसलं की मूठ बरगडीत टोचते, सीटबेल्ट वरून आला की अजून. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार रिव्हॉल्वर होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे, मिरवत फिरायचं नाही, आणि मला हा नियम एकदम पटतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याला कळलं की तुमच्याकडे आहे, तो एकतर मागे लागतो "दाखव ना" म्हणून, नाहीतर आला तर तयारीनेच येतो.

होल्स्टर आधी ऑनलाइन मागवलं होतं, नायलॉनचं, दुकानाचं नाव घेत नाही, त्याचं बटण आपोआप उघडायचं आणि वाकलं की रिव्हॉल्वर अर्धं बाहेर. सरळ फेकून दिलं. मग गावातल्याच चांभारकाकांकडून करून घेतलं, रिकामं रिव्हॉल्वर समोर ठेवून माप दिलं, घोड्यावरून येणारी पट्टी आणि तिला पितळी टिचबटण, अंगठ्याने दाबल्याशिवाय सुटत नाही, आणि ट्रिगरचा भाग पूर्ण चामड्याखाली. पैसे निम्मे आणि काम दुप्पट चांगलं. फक्त एक, घरी आल्यावर होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका, चामडं घाम धरून ठेवतं आणि पावसाळ्यात दोन दिवसांत नळीवर तांबूस ठिपके येतात. तेलाचा फडका फिरवा आणि कपाटात वेगळं ठेवा.

आणि सगळ्यात मोठी कटकट म्हणजे कुठे जायचं असलं की याचं काय करायचं. कोर्टात चालत नाही, मॉलमध्ये दारातच मशीन वाजतं, लग्नात गर्दी, देवळात रांगेत पोलीस चाचपतात. गाडीत ठेवून जाणं हा सगळ्यात वाईट उपाय, गाडीची काच फोडायला किती वेळ लागतो? म्हणून निम्म्या ठिकाणी जाताना मी ते घरीच ठेवतो.

लग्नावरून, आमच्याच नात्यातल्या एकाने वरातीत "एक बार काढ की दाजी" असा आग्रह धरला होता, वर राग पण आला त्याला. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. नाही म्हटलं. अजून बोलत नाही तो, ठीक आहे.

रिव्ह्यूत कोणी लिहीत नाही असा भाग म्हणजे माणसाचा स्वभाव बदलावा लागतो. हायवेला एका जीपवाल्याने कट मारला, वरून काच खाली करून आईवरून शिव्या. पूर्वी मी उतरलो असतो, हमखास. आता कंबरेला हे असताना उतरायचंच नाही, कारण हाणामारी सुरू झाली तर त्या हाणामारीत एक रिव्हॉल्वर आहे आणि ते कोणाच्या हाती जाईल याची गॅरंटी नाही. मी हात जोडले, "चुकलं दादा" म्हटलं, काच वर. बायको शेजारी बसली होती, म्हणाली परवाना आधीच काढायला हवा होता. दारू तर पूर्ण बंद, म्हणजे ज्या दिवशी ग्लास त्या दिवशी लॉकर, आणि लॉकरची चावी कुठे आहे ते पिण्याआधी विसरायचं.

कायदा थोडक्यात, वकील नाही मी, पण एवढं तरी परवानावाल्याला माहीत पाहिजे. आता भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे. हक्क आहेच, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो हक्कच नाही. आमच्या धंद्यात भीती असते ती बॅग हिसकावण्याची. बॅग घेऊन पळणाऱ्या पोराच्या पाठीत गोळी घातली तर कोर्टात तोंड दाखवणं अवघड होईल, आणि कशासाठी, मालाचा ज्वेलर्स ब्लॉक विमा असतो ना? ज्यांनी तो विमा काढला नाही आणि रिव्हॉल्वर काढलं त्यांना माझा साष्टांग दंडवत.

दुसरं, हल्ली हल्ला होतो तो कोयत्याने आणि हातभर अंतरावरून. शर्ट वर, टिचबटण सोडा, बाहेर काढा, तोवर समोरच्याचे दोन वार झालेले असतात. म्हणजे अगदी जवळून अचानक आलेल्यासमोर याचा उपयोग जवळजवळ नाही. उपयोग आहे तो थोडा वेळ आणि मध्ये एखादं दार असेल तेव्हा, उदाहरणार्थ रात्री कोणी शटर वाकवतंय आणि तुम्ही वरच्या मजल्यावर आहात, पोलीस यायला वेळ आहे. यूट्यूबवाले हे सांगत नाहीत.

आचारसंहिता लागली की रिव्हॉल्वर ठाण्यात जमा. लोकसभा, विधानसभा, मग झेडपी, नगरपालिका, काहीतरी चालूच असतं. पोचपावती जपून ठेवा, आणि जमा करण्याआधी आतून बाहेरून ग्रीस लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, एका ठाण्यातून माझं परत आलं तेव्हा सिलिंडर फिरत नव्हतं एवढी धूळ आणि गंज. पण खरं सांगू का, त्या काळात मला फार काही वेगळं वाटलं नाही. तेव्हाच कॅमेरे नीट लावून घेतले, दुकान बंद करायची वेळ रोज बदलायला लागलो, बॅग घेऊन एकट्याने जाणं बंद. रिव्हॉल्वर परत आल्यावरही ते सगळं तसंच ठेवलंय, आणि विचाराल तर सुरक्षेतला मोठा वाटा त्याचाच आहे.

बाकीचे पर्याय पटकन. निर्भीक 2014 ला आलं, बायकांसाठी म्हणून, टायटॅनियमचं, 500 ग्रॅम, तेव्हाची किंमत 1,22,360 रुपये. हातात घेऊन बघितलंय, पट्ट्याला खरंच हलकं लागतं, पण बायकांसाठी वेगळं काय ते मला कळलं नाही, परवान्याचे हेलपाटे तर तेच. निडर .22 चं, 250 ग्रॅमचं, खिशात मावतं, आणि खिशात ठेवायचा मोह होतो हीच माझी तक्रार. प्रबळ 2023 चं, सिलिंडर बाजूला उघडतं, जाहिरातीत 50 मीटर पल्ला सांगतात, पण 50 मीटरवरच्या माणसापासून तुम्ही पळून जाऊ शकता की. तरी आज नवीन घेणार असाल तर प्रबळ आणि जुनं दोन्ही हातात धरून बघा, ज्याची मूठ पंजात बसेल ते घ्या.

कोणी घेऊ नये? ज्याला रील काढायचीय त्याने. बीडला सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनाच्या प्रकरणानंतर परवान्यांची मोजणी झाली तेव्हा एका जिल्ह्यात हजारावर निघाले, त्यातले किती जणांना खरंच धोका होता ते बीडवाल्यांनाच विचारा. ज्याच्या घरात डोकं तापलेलं माणूस आहे किंवा कोणी खचलेलं, उदास आहे, त्याने अजिबात नाही, लॉकर कितीही भारी असला तरी. आणि घरी कोणाच्या हातात देऊ नका, परवाना तुमच्या नावावर आहे, कुटुंबाच्या नाही. माझा मुलगा विचारत असतो मला कधी, त्याला म्हटलं कायद्याने 21 पूर्ण लागतात, तोवर दुकानात बसायला शीक.

घ्यायला जाल तेव्हा कडी उघडबंद करून बघा, बंद झाल्यावर नळी आणि बॉडीमध्ये हलकासुद्धा खेळ जाणवता कामा नये, या डिझाइनमध्ये तीच जागा आधी सैल होते. सिलिंडर सहाही घरांवर नीट लॉक होतं का बघा, आणि रिव्हॉल्वरवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर स्वतः मोठ्याने वाचून जुळवा, डीलरच्या भरवशावर राहू नका. परवान्यावर नोंद चढताना एक आकडा चुकला की दुरुस्तीसाठी पुन्हा कलेक्टर ऑफिस, आणि तिथला साहेब नेमका त्या दिवशी मीटिंगला असतो.