ॲनालॉग आउटपुट मॉड्यूल: स्केलिंग एकदम मस्त, पण क्लॅम्प नक्की तपासा

गेले आठ-नऊ महिने हे चार चॅनलचं मॉड्यूल (पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, आकड्याचा 4 ते 20 मिलिअँप सिग्नल करणारं) वापरतोय, दोन चॅनलवर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), एकावर कंट्रोल व्हॉल्व्ह आणि एक स्पेअर. घेतलं ते मुख्यतः कस्टम स्केलिंगसाठी, म्हणजे कोणत्या आकड्याला किती सिग्नल हे आपण ठरवायचं, आणि त्या बाबतीत खरंच समाधान आहे.

आधीच्या मॉड्यूलला 0 ते 27648 असे काउंट (मॉड्यूलचे कच्चे आकडे) द्यावे लागायचे, म्हणजे प्रत्येक आउटपुटला प्रोग्राममध्ये गुणाकार-भागाकार लिहा, त्यात कोणी 16 बिट इंटिजरमध्येच गुणाकार केला की 32767 ओलांडल्यावर आकडा गडगडून मायनसमध्ये. इथे फक्त चार आकडे भरायचे. लो सिग्नल 4, हाय सिग्नल 20, लो इंजिनिअरिंग 0, हाय इंजिनिअरिंग 1440 (इंजिनिअरिंग म्हणजे आपलं खरं एकक, इथे आरपीएम). प्रोग्राममधून 720 पाठवलं की टर्मिनलवर 12 मिलिअँप, झालं काम. रात्रपाळीवाल्याला स्क्रीनवर सरळ आरपीएम दिसतो, त्याला फोनवर काउंटचं गणित समजावत बसावं लागत नाही.

आता जिथे माझा अख्खा दिवस गेला ते सांगतो. एका चॅनलवर आधी 0 ते 100 टक्के असं स्केल होतं, ते बदलून 0 ते 1440 केलं, डाउनलोड झालं, एरर नाही, मॉड्यूलचा दिवा हिरवा. पण सेटपॉइंट 900 द्या नाहीतर 1400 द्या, मोटर आपली रांगतेय. ड्राइव्हवर साडेतीन हर्ट्झ! ड्राइव्हचे पॅरामीटर बघितले, केबल बदलली, शील्ड एका टोकाचं काढून बघितलं, शेवटी लूप उघडून मल्टिमीटर सिरीजमध्ये टाकला तर 5.11 मिलिअँप, आणि काही केलं तरी हलेना. तिथे डोक्यात प्रकाश पडला, 4 ते 20 च्या पट्ट्यात 1440 पैकी 100 म्हणजे बरोबर 5.11. हाय क्लॅम्प, म्हणजे आउटपुटची वरची मर्यादा, जुन्या स्केलचा 100 तसाच राहिला होता! क्लॅम्प इंजिनिअरिंग युनिटमध्ये असतो आणि स्केल बदललं तरी तो आपोआप बदलत नाही, तो वेगळ्या टॅबमध्ये आहे आणि मॅन्युअलमध्ये स्केलिंगच्या पानावर त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही. स्टेटसमध्ये लिमिटचा बिट येत होता म्हणा, पण तो मुद्दाम उघडून बघितला तरच दिसतो. निदान डाउनलोडच्या वेळी एक वॉर्निंग तरी द्यायला हवी होती कंपनीने.

फॉल्ट व्हॅल्यूचंही (गडबड झाली की आउटपुट ज्या आकड्यावर जातं त्याचंही) तेच, तीही इंजिनिअरिंग युनिटमध्येच. पीएलसी प्रोग्राम मोडमध्ये गेला की शेवटची व्हॅल्यू धरून ठेवायची की ठरलेल्या आकड्यावर जायचं हे चॅनलवाइज ठरवता येतं, ही सोय चांगली आहे, पण स्केल बदललं की तो आकडाही हाताने बदला.

उलटं स्केल पण घेतं हे मला आवडलं. आमचा व्हॉल्व्ह एअर-टू-क्लोज (हवा दिली की बंद होणारा) आहे, 4 ला पूर्ण उघडा, 20 ला बंद, म्हणून लो इंजिनिअरिंगला 100 आणि हायला 0 टाकलं, प्रोग्राममध्ये 100 मधून वजाबाकी करायची गरजच उरली नाही. फक्त एवढं ध्यानात असू द्या की वायर तुटली तर हा व्हॉल्व्ह उघडतो, ते स्केलिंगने बदलत नाही.

आणि कृपा करून कॅलिब्रेशनची चूक स्केलिंगमध्ये लपवू नका. 4 च्या जागी 3.96 येतंय म्हणून लो सिग्नलला 4.04 टाकणारे बघितलेत मी, मग मॉड्यूल बदललं की नवीन माणूस चक्रावतो. त्यासाठी ऑफसेट-गेनचं वेगळं पान आहे, ते वापरा. स्केल भरल्यावर 0, 25, 50, 75, 100 टक्के देऊन मीटरवर 4, 8, 12, 16, 20 येतंय का बघा, चॅनलमागे पाच मिनिटं लागतात.

पाचपैकी चार. एक कापला तो क्लॅम्पसाठी. बाकी नवीन कॉन्फिगरेशन टाकताना आउटपुट क्षणभर शून्यावर जातं, त्यामुळे लाइन चालू असताना स्केल बदलायला जाऊ नका, व्हॉल्व्ह आधी हँडव्हीलवर घ्या.