गोड पांढरी वाइन: मराठवाड्यातल्या बागेला कुठली वाट परवडेल?

कडवंची, औसा, धाराशिवकडच्या बागायतदार घरांत वाइनचा विषय निघाला की कुणीतरी फ्रान्समधल्या सोतेर्नचं आणि तिथल्या शातो दिकेमचं नाव घेतंच. १७८५ साली लग्नसंबंधातून हा मळा ल्यूर-साल्यूस घराण्याकडे आला आणि दोनशे वर्षांहून जास्त काळ त्यांनी तो सांभाळला. आदर्श म्हणून नाव योग्यच आहे. पण त्यांची पद्धत इथे चालेल का, हे आधी बघायला हवं.

सोतेर्नची गोडी बुरशीतून येते. सिरों हा गार पाण्याचा ओढा गारोन नदीला मिळतो, त्यामुळे शरदात सकाळी धुकं धरतं आणि दुपारी ऊन पडतं. बोट्रायटिस बुरशी सेमियों द्राक्षाच्या सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडून जातं आणि मणी जांभळट-तपकिरी होऊन सुरकुततो. मजूर त्याच वेलीकडे पुन्हा पुन्हा येऊन तेवढाच माल काढतात. दिकेममध्ये एका वेलीमागे जेमतेम एक ग्लास वाइन होते. १९९२ आणि २०१२ साली माल मनासारखा उतरला नाही, तर त्यांनी त्या वर्षांची गोड वाइन काढलीच नाही. आपल्याकडे काढणीच्या दिवसांत असं रोजचं धुकं नसतं, आणि अवकाळीनंतर ओल टिकली तर हीच बुरशी अख्खे घड कुजवते. ही वाट सोडून द्या.

दुसरी वाट म्हणजे घड वेलीवरच जास्त दिवस राखायचे. नाशिककडे शेनिन ब्लांक या द्राक्षजातीची लेट हार्वेस्ट वाइन अशीच होते. नवं बांधकाम लागत नाही, हा मोठा फायदा. पण उन्हाचा चटका वाढला की साखर चढते आणि आम्ल उतरतं, आणि आम्लाविना गोड वाइन पाकासारखी चिकट लागते. शिवाय गारपीट! २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्यांच्या बागा झोडपल्या गेल्या, ते पिकलेला माल वेलीवर ठेवायला सहजी तयार होणार नाहीत.

माझा कौल तिसऱ्या वाटेला, सावलीत सुकवण्याला. इटलीतल्या तोस्कानात व्हिन सांतो या गोड वाइनसाठी त्रेब्बियानो, माल्वासियाचे घड टांगून किंवा चटईवर पसरून सुकवतात, मग रस लहान पिंपांत भरून वर्षानुवर्षे मुरवतात. बेदाण्याचं शेड, जाळ्यांचे थर, मार्चची कोरडी हवा हे आपल्याकडे आहेच, आणि माल वेळेवर उतरवून छपराखाली आणता येतो. बेदाण्यापेक्षा फरक दोनच. डिपिंग, म्हणजे घड लवकर सुकावेत म्हणून पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या द्रावणात बुडवणं, करायचं नाही, कारण पोटॅशियम कार्बोनेट आम्ल मारतं आणि तेल रसात उतरतं. आणि पूर्ण बेदाणा होऊ द्यायचा नाही, मणी मऊ असतानाच थांबायचं.

खर्चाची बाजू जड आहे. रस फार कमी निघतो, मुरेपर्यंत पैसा अडकतो, आपल्या उन्हाळ्यात पिंपांना गार खोली लागते आणि परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाचा. कर्जाचे हप्ते द्राक्षांवरच चालू असतील तर सरळ बेदाणाच विका. थॉमसन या बेदाण्याच्या द्राक्षजातीवर ही वाइन बेताचीच होईल, कारण तिला आम्लही कमी आणि वासही. नवी लागवड करणारच असाल तर शेनिन ब्लांक घ्या.

यंदा निदान एका ओळीचे घड डिपिंग न करता जाळीवर पसरा, रोज ब्रिक्स (रसातली साखर) मोजा आणि आंबटपणा किती टिकतो ते चाखून बघा.