डायरेक्ट की पायलट? डाईंगच्या लाईनवर पीआरव्ही निवडताना

बॉयलर १० किलो प्रेशरवर चालतो, जेटला (कापड रंगवण्याच्या मशीनला) वाफ हवी ४ किलोची आणि जुना पीआरव्ही, म्हणजे वाफेचं प्रेशर उतरवणारा व्हॉल्व्ह, आता बदलण्यावाचून गत्यंतर नाही. इचलकरंजीतल्या प्रोसेस हाऊसमध्ये मेंटेनन्स सांभाळणाऱ्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. स्प्रिंगवर चालणारा साधा डायरेक्ट घ्यावा की पायलटवाला, म्हणजे छोट्या पायलट व्हॉल्व्हने सोडलेल्या वाफेच्या जोरावर मेन व्हॉल्व्ह उघडणारा? मी दोन्ही चालवले आहेत आणि सध्या आमच्या डाईंगच्या लाईनवर पायलट आहे. तुमचा लोड वेगळा असेल तर तुमचा निर्णयही वेगळा होऊ शकतो, हे आधीच सांगतो.

डायरेक्टच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. स्वस्त, आटोपशीर, आत भानगडी कमी. बिघडला तर आपलाच फिटर खोलतो, सीट (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो ती जागा) घासतो आणि परत बसवतो. वाफ थोडी ओली असली, लाईनीतून थोडा गंज आला, तरी तो निभावून नेतो.

पायलटला हे चालत नाही. पायलट सीटची फट इतकी बारीक असते की चिमूटभर कचरा पुरतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर बॉयलर पेटवला की पाइपातला गंज सुटून येतो, तेव्हा याची खरी परीक्षा. पायलटकडे जाणारी वाटच तुंबली तर मेन व्हॉल्व्ह उघडत नाही. मेन डायफ्रामखालची वाफ सोडणारं बारीक भोक तुंबलं तर उलटं होतं: व्हॉल्व्ह बंदच होत नाही, पुढचं प्रेशर चढतं आणि सेफ्टी (जादा प्रेशर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) उडते. म्हणून त्याच्या आधी वाफेतलं पाणी काढणारे सेपरेटर आणि ट्रॅप, आणि कचरा अडवणारा बारीक जाळीचा स्ट्रेनर हवाच, आणि स्ट्रेनरचं पोट खाली न ठेवता आडवं वळवलेलं हवं, नाहीतर त्यात पाणी साठून राहतं. किमतीची तुलना करताना हा सगळा संच धरा.

एवढं असूनही मी पायलटकडे वळलो, ते एकाच त्रासापायी. डायरेक्टमध्ये व्हॉल्व्ह जास्त उघडायचा तर स्प्रिंगला पसरावं लागतं, आणि पुढचं प्रेशर उतरल्याशिवाय ती पसरत नाही. म्हणजे वाफेची ओढ जितकी जास्त, तितकं प्रेशर खाली. कमी लोडवर ४ किलोला सेट केलेला व्हॉल्व्ह, दोन-तीन जेट एकदम तापायला लागले की ३ च्या आसपास येऊन बसायचा. ४ किलोची वाफ साधारण १५१ अंशांची, ३ किलोची १४३. पॉलिएस्टरचा लॉट १३० ला न्यायचा असतो. शेवटच्या टप्प्यात वाफ आणि बाथ यांच्यातला २१ अंशांचा फरक १३ वर येतो, आणि कॉइलमधून जाणारी उष्णता त्याच प्रमाणात घटते. काटा १२० च्या पुढे रेंगाळतो, लॉट लांबतो आणि एकाच शेडच्या दोन लॉटना वेगवेगळा वेळ मिळतो.

मग ऑपरेटर काय करणार? पाना घेऊन पीआरव्हीकडे जाणार आणि प्रेशर सेट करणारा स्क्रू आवळणार. त्याची चूक नाही, त्याला लॉट उतरवायचा असतो. पण तासाभराने सगळे जेट होल्डवर (गाठलेलं तापमान नुसतं टिकवण्यावर) आले, ओढ कमी झाली, की तेच प्रेशर ५ कडे चढतं आणि सेफ्टी फुसफुसायला लागते. पुढच्या पाळीचा माणूस येऊन स्क्रू सैल करतो. आमच्या त्या व्हॉल्व्हचा लॉकनट केव्हाच गायब झाला होता आणि स्क्रूचं डोकं पान्याने गोल झालं होतं. कुठल्या पाळीत नक्की किती प्रेशर होतं, हे कुणालाच सांगता येत नसे.

पायलट बसवल्यापासून तिकडे पाना घेऊन कुणी जात नाही. आवळण्याची गरजच उरली नाही. मी मोजमाप ठेवलेलं नाही, पण एकाच वेळी मशीन सुरू झाल्या तरी गेजचा काटा माझ्या नजरेला जेमतेम हललेला दिसतो. बदल्यात स्ट्रेनर साफ करण्याचं काम नेमाने करावं लागतं, आणि पुढचं प्रेशर पायलटपर्यंत पोचवणारी सेन्सिंगची नळी व्हॉल्व्हपासून चांगली मीटरभर पुढे, सरळ पाइपावर, पाणी साठणार नाही अशा उताराने जोडावी लागते. हे दोन्ही जमणार नसेल, तर पायलट घेऊन मनस्ताप करून घेऊ नका.

फक्त इस्त्रीचं टेबल किंवा एखादीच टाकी, दिवसभर सारखाच लोड, अशा ठिकाणी मी आजही डायरेक्टच लावेन. पण एका हेडरवर (वाफ वाटणाऱ्या मुख्य पाइपावर) चार मशीन असतील आणि त्या वाटेल तेव्हा चालू-बंद होत असतील, तर माझा कल पायलटकडे. ऑर्डर देताना मात्र लाईनचा साइज सांगून मोकळे होऊ नका. तासाला जास्तीत जास्त किती वाफ लागते आणि कमीत कमी किती, हे दोन्ही आकडे द्या. गरजेपेक्षा मोठा पायलट कमी लोडवर सीटला चिकटून थरथरत राहतो आणि वाफ ती सीट कापत जाते.