राष्ट्राध्यक्ष कसा हवा: दिल्लीसारखा, वॉशिंग्टनसारखा की पॅरिससारखा?

आमदारांची पळवापळवी झाली, रिसॉर्टमधले फोटो झळकले, की कोणीतरी म्हणतंच: "त्यापेक्षा अमेरिकेसारखा थेट अध्यक्ष निवडून द्या, मुदत संपेपर्यंत कटकट नाही." मागणी नवी नाही. विदर्भातले काँग्रेस नेते वसंतराव साठे १९८० च्या दशकात अध्यक्षीय पद्धतीचा उघड पुरस्कार करत होते. तुमचं मत अजून बनायचं असेल, तर अधिकारांच्या याद्या आधी बाजूला ठेवा. त्या फसवतात. कागदावर आपले राष्ट्रपती लोकसभा विसर्जित करू शकतात, अध्यादेश काढू शकतात, राज्यात राष्ट्रपती राजवट लावू शकतात. व्हाइट हाउसमधल्या माणसाला तिथली संसद एक दिवस आधीही बरखास्त करता येत नाही. तरी शेअर बाजार कोसळतो तो त्याच्या सहीने! म्हणून विचारायचं इतकंच: निर्णय खरा कोण घेतं, त्याला नाही कोण म्हणू शकतं, आणि तो नकोसा झाला तर घरी कसा पाठवायचा.

दिल्ली: सही एकाची, निर्णय दुसऱ्याचा

महाराष्ट्राने हे एका पहाटे पाहिलं आहे. १२ नोव्हेंबर २०१९ ला राज्यात राष्ट्रपती राजवट लागली आणि २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठली. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झालीच नव्हती. कामकाज नियमावलीतल्या नियम १२ चा आधार घेऊन पंतप्रधानांनी स्वतःच्या अधिकारात शिफारस केली, राष्ट्रपतींनी सही केली आणि लोकांचा सकाळचा चहा होईपर्यंत राजभवनात शपथविधी उरकलाही होता. अधिसूचना राष्ट्रपतींच्या नावाने निघाली, पण निर्णय राष्ट्रपती भवनात झाला असं कोणी म्हटलं नाही. जून १९७५ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर रात्रीच सही केली, तेव्हाही हेच.

याचं मूळ संविधानाच्या कलम ७४ मध्ये आहे. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचं, हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट शब्दांत लिहिलं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने थोडी फट ठेवली: सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच पुन्हा आला तर मानावा लागतो.

पण "रबरी शिक्का" म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठवली आणि गुजराल सरकारने ती सोडून दिली. झैलसिंग यांनी १९८६ चं टपाल विधेयक सहीही न करता, परतही न पाठवता ठेवून दिलं, कारण सहीसाठी संविधानात मुदतच दिलेली नाही. गंमत म्हणजे बलाढ्य अमेरिकी अध्यक्षाला विधेयकावर निर्णय घ्यायला रविवार सोडून दहाच दिवस मिळतात. लोकसभा त्रिशंकू असेल तेव्हा आधी कोणाला बोलवायचं, हाही राष्ट्रपतींचाच प्रश्न. १९९६ मध्ये शंकरदयाळ शर्मांनी वाजपेयींना बोलावलं आणि ते सरकार तेरा दिवस टिकलं.

निवड आपल्या मतांनी होत नाही, आमदार-खासदारांच्या होते. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५, सिक्कीमच्या आमदाराचं ७. थेट जनादेश नसलेल्या माणसाने पंतप्रधानांशी रोज पंगा घेऊ नये, अशीच ही रचना आहे.

वॉशिंग्टन: मालक एकच, तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे

इथे निर्णय अध्यक्षाचाच. मंत्री संसदेचे सदस्य नसतात, ते त्याचे नेमलेले आणि त्यानेच काढायचे. माफी द्यायलाही कोणाचा सल्ला लागत नाही. निक्सन ऑगस्ट १९७४ मध्ये पायउतार झाले आणि पुढच्याच महिन्यात फोर्ड यांनी त्यांना माफी देऊन टाकली. आपल्याकडे दयेचा अर्ज गृहमंत्रालयातून फिरून येतो आणि राष्ट्रपती सरकारच्या सल्ल्यानेच त्यावर निर्णय देतात.

पण पैसा संसदेच्या हातात. मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या निधीवरून डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ असे ३५ दिवस सरकारचा काही भाग बंद होता आणि सुमारे आठ लाख कर्मचारी पगाराविना होते. आपल्याकडे लोकसभेत अर्थसंकल्प पडला की सरकारच पडतं. तिथे दोघंही आपापल्या जागी ठाम बसतात, कारण दोघांची मुदत ठरलेली.

घरी पाठवणं तर फारच अवघड. अँड्र्यू जॉन्सन, क्लिंटन आणि दोनदा ट्रम्प अशा चार वेळा प्रतिनिधीगृहाने महाभियोग मंजूर केला. पण पदावरून काढायला वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, लागणारी दोन तृतीयांश मतं एकदाही जमली नाहीत.

हे परकं वाटत असेल तर आपल्याच नगरपालिका आठवा. २०१६ पासून महाराष्ट्रात नगराध्यक्ष आणि २०१७ पासून सरपंच थेट निवडले जाऊ लागले, २०२० मध्ये महाविकास आघाडीने ते बंद केलं, २०२२ मध्ये शिंदे सरकारने पुन्हा आणलं. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि नगरसेवकांचं बहुमत दुसऱ्याचं, असं झालं की काय होतं? विषय समित्या त्यांच्या, सभेचं अध्यक्षपद याचं. ठराव लटकतात, सभा तहकूब होतात, आणि पाणीपुरवठ्याची फाइल जिल्हाधिकाऱ्यांकडे फेऱ्या मारत बसते. वॉशिंग्टनमधल्या टाळेबंदीचं हे गावपातळीवरचं रूप आहे. अर्थात दुसरी बाजूही खरी: थेट निवडलेल्या नगराध्यक्षाला दर सहा महिन्यांनी नगरसेवकांची मनधरणी करावी लागत नाही.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत हीच अदलाबदल मांडली होती. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त. तिथे हिशेब ठरावीक मुदतीने होतो, इथे प्रश्न, ठराव, चर्चांमधून रोजही होतो. मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं.

पॅरिस: दोघं एका म्यानात

"मग फ्रान्ससारखं मधलं काढू" असं सुचवणारेही भेटतात. तिथे थेट निवडलेला राष्ट्राध्यक्षही आहे आणि संसदेला उत्तर देणारा पंतप्रधानही. दोघं एका पक्षाचे असतील तर राष्ट्राध्यक्ष अमेरिकी अध्यक्षापेक्षाही जोरदार ठरतो: संसद विसर्जित करू शकतो, आणि त्याचं सरकार मतदान न घेताच विधेयक रेटू शकतं. २०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करताना नेमकं तेच केलं गेलं. बहुमत गेलं की मात्र पंचाईत. मॅक्राँ यांनी जून २०२४ मध्ये संसद विसर्जित केली, कोणालाच बहुमत मिळालं नाही, आणि डिसेंबरात पंतप्रधान बार्निये यांचं सरकार अविश्वास ठरावात पडलं. राष्ट्राध्यक्ष जागेवरच! चूक राष्ट्राध्यक्षाची, राजीनामा पंतप्रधानाचा. श्रीलंकेने १९७८ मध्ये असाच बलाढ्य राष्ट्राध्यक्ष निर्माण केला. २०२२ मध्ये गोटाबाया राजपक्षे घटनेतल्या वाटेने गेले नाहीत, लोक निवासस्थानात घुसल्यावर देश सोडून गेले.

मग निवडायचं काय?

एका माणसाच्या हाती सगळं जाईल ही भीती तुम्हाला मोठी वाटत असेल, तर अध्यक्षीय पद्धतीकडे वळण्याआधी बघा, नको असलेला माणूस मुदतीआधी हटवायची किती उदाहरणं तिथे सापडतात. मंत्रिपदावर तज्ज्ञ हवेत आणि सरकार आघाडीच्या रुसव्याफुगव्यावर पडू नये, ही तुमची मुख्य अपेक्षा असेल तर अमेरिकी पद्धतीत दम आहे, हे मान्य करतो. मात्र एक अडचण लक्षात घ्या: केशवानंद भारती खटल्याच्या १९७३ च्या निकालानंतर संसदेला संविधानाची मूलभूत चौकट बदलता येत नाही, आणि संसदीय पद्धत त्या चौकटीतच मोडते असं मानणारे पुष्कळ आहेत.

आणि राग मुळात फोडाफोडीचाच असेल, तर औषध जवळ आहे. शिवसेनेतल्या फुटीनंतरच्या अपात्रतेच्या याचिका जून २०२२ पासूनच्या, विधानसभा अध्यक्षांचा निकाल १० जानेवारी २०२४ चा. हे काम सत्ताधारी पक्षातून आलेल्या अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र लवादाकडे द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सुचवलं आहे. त्यासाठी राष्ट्रपती भवनाचा पत्ता बदलावा लागत नाही, संविधानाच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदीच्या नियमांत, दुरुस्ती करून मुदत घातली तरी पुरे.