पेन ड्राइव्ह की गूगल ड्राइव्ह?

नवख्या माणसाला पेन ड्राइव्ह पटकन कळतो: लावा, फाइल कॉपी करा, काढा. इंटरनेटही लागत नाही. पण एक मेख आहे. विंडोजमध्ये पेन ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली, की ती सहसा रीसायकल बिनमध्ये न जाता थेट उडते. गूगल ड्राइव्हवर, म्हणजे इंटरनेटवरून फाइल ठेवायच्या गूगलच्या जागेत, ती ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते, तोवर परत आणता येते. फुकट जागा मात्र १५ जीबीपर्यंतच, त्यातही जीमेल आणि फोटो वाटेकरी!

मोठ्या व्हिडिओंना पेन ड्राइव्ह बरा. फक्त तो फॅट३२ (फाइल साठवायची एक जुनी पद्धत) पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर जागा कितीही रिकामी असो, ४ जीबीहून मोठी फाइल घेत नाही. कागदपत्रांसाठी मी गूगल ड्राइव्हच सुचवेन. पासवर्ड विसरणाऱ्यांनी आधी खात्याला रिकव्हरी नंबर (खातं परत मिळवायला लागणारा फोन नंबर) जोडावा.